धबधब्यासमोरचं बोलणं

सोमवार, ८ सप्टेंबर

घड्याळ बंद पडलेलं नव्हतं!

स्वयंपाकघराच्या दारावरचं. टिकटिक येईना म्हणून कामावरून येताना नवा सेल आणला. स्टुलावर चढलो, घड्याळ उतरवलं, पाहतो तर सेकंदाचा काटा आपला ऐटीत चाललेला. खाली ही उभी. "काय झालं त्याला?" म्हणाली. म्हटलं, "धूळ बसली होती." फडक्याने पुसलं, परत टांगलं. वेळ मारून नेली.

म्हणजे आता टिकटिकही गेली. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी. कोणाला सांगत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही — माझे कान उतरत चालले आहेत.

उमेदीची सगळी वर्षं कापडगिरणीत, मागांच्या खात्यात काढली. एका छपराखाली शेकडो माग एकदम धडधडतात. त्यात कान शाबूत राहिले असते तरच नवल. पण त्याच खात्याने तोडगाही दिला आहे. तिथे कोणी कोणाचं ऐकत नाही, सगळे ओठ वाचतात. आवाज काढायचा नाही, ओठ मात्र मोठे हलवायचे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गप्पा चालतात. ही लग्नाआधी समोरच्या रांगेत मागावर होती. आमचं सगळं तिथेच ठरलं, तोंडातून शब्द न काढता! आता मी मुकादम आहे, पण ती विद्या गेलेली नाही. घरीदारी समोरच्याने तोंड उघडलं की मी ओठ पाहतो आणि उत्तर देतो. बिनचूक. कोणाला पत्ता नाही.

आमच्या गावात बहिरे तात्या होते. शाळेच्या ओट्यावर येऊन बसायचे. लोक त्यांच्या तोंडावर वाट्टेल ते बोलायचे आणि हसायचे. मग तात्याही सगळ्यांबरोबर हसायचे. तो हसरा चेहरा मी विसरलेलो नाही. मला तात्या व्हायचं नाही. बस्स.

बुधवार, १० सप्टेंबर

मुलीचं काय चाललंय, समजत नाही. बंदराच्या शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळते आहे. मुलाखत देऊन आली तेव्हा जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली होती. आता बोलावणं आलं, सोमवारी "येते" एवढंच कळवायचं, तर बाईसाहेबांचं "बघू".

"काय बघू?"

"बघू ना, बाबा."

लहानपणी डबक्यातलं पाणी बाटलीत भरून उन्हात धरून बसायची ही पोर. त्यात काहीतरी हलतंय म्हणून आम्हा दोघांना बोलवायची. तिच्यासाठी याहून चांगलं काम देवाने तरी कुठून आणायचं? माशी शिंकली कुठे?

जेवताना माझ्या शेजारची जागा सोडून हल्ली समोर बसते. "तिकडे वारा लागतो" म्हणे. मोठी झाली. बापाला चिकटून बसायचं वय गेलं, दुसरं काय!

हिने स्वयंपाकघरात नवा दिवा लावून घेतला आहे. भलताच प्रखर. "भाजी शिजवतेस की भाजीचं ऑपरेशन करतेस?" विचारलं. "मला दिसत नाही आताशा," म्हणाली. वय होत चाललं बिचारीचं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मेहुण्याने मिशी काढली!!

हिचा धाकटा भाऊ. पावाची गाडी चालवतो. मिशी म्हणजे काय मिशी — वरचा ओठ पुरता गिळून हनुवटीच्या दिशेने निघालेली. तिला तेल काय, कंगवा काय. लग्नात अंतरपाटाऐवजी हीच धरायला हवी होती, असं मी म्हणायचो. संध्याकाळी दारात उभा राहिला तर मी ओळखलंच नाही. साल काढलेला बटाटा!

"हे काय रे?"

"धाकटीला टोचते, दाजी. जवळ येऊ देत नाही. म्हटलं, मिशी मोठी की मुलगी मोठी?"

पोट धरून हसलो. मुलगीही हसली. ही मात्र हसली नाही. उलट न मागता त्याच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं. बहिणीची माया, भावाचं सोंगही तिला गोड.

माझी मात्र सोय झाली. आधी त्या झुडपामागे काय चाललंय ते अंदाजाने घ्यायचो. तो हसला की मीही हसायचो. आज त्याचा शब्द न् शब्द लख्ख. मागितलं नव्हतं, तेही देव देतो.

माणूस मनाने वाईट नाही. पण उथळ. कशाचंच ओझं नाही डोक्यावर.

रविवारी गाडी रिकामी आहे म्हणाला. नदीच्या घळीतला धबधबा भरून वाहतोय, सगळे जाऊ. मी लगेच हो म्हटलं. वाटेत मुलीशी नोकरीचं नीट बोलता येईल.

शनिवार, १३ सप्टेंबर

सकाळी देवापुढे बसलो. मागणं नेहमीचंच, एकच. मोठ्याने म्हणावं लागत नाही. ओठ हलले की त्याला कळतं. त्या बाबतीत देव आमच्या खात्यातलाच!

रविवार, १४ सप्टेंबर

घरी येऊन चहा घेतला आणि सरळ लिहायला बसलो. क्रमाने लिहितो, नाहीतर घोटाळा होईल.

गाडीत पावाचा वास भरलेला. मी पुढे, मेहुण्याशेजारी. मागे ट्रे काढून सतरंजी टाकली होती, तिथे या दोघी. मेहुणा प्रत्येक वाक्याला मान वळवून माझ्याकडे तोंड करायचा. घाटाचा रस्ता! समोरच्या आरशात मला हिचं तोंड दिसत होतं.

"समोर बघ! समोर!"

"अगं ताई, माणसाशी बोलताना माणसाकडे बघावं. एवढं वळण आहे मला."

"तुझं वळण राहू दे, रस्त्याचं बघ!"

नामस्मरण करत पोचलो.

घळ म्हणजे नदीने काळ्या खडकाला पाडलेली चीर. वरून नदी रुंद, निवांत येते. मग एकाएकी अंग चोरते आणि खाली उडी घेते. मधे कातळाची पायरी आहे, तिथे आपटून पांढरी होते. मग दुसरी उडी. तळ दिसत नाही, नुसता तुषारांचा धूर. दोन्ही काठांना कठडे, मधे लोखंडी पूल, पायी जाण्यापुरता.

आणि आवाज! मला आला. थोडा कानांनी, बाकी छातीने आणि तळपायांनी. मागांच्या खात्यात पहिल्या दिवशी पाऊल टाकलं होतं तेव्हा आला होता, तोच. वरून खाली पांढरे धागे ताणलेले, एक तुटत नाही. कठड्यावर हात ठेवला, तो थरथरत होता. चालू मागावर ठेवल्यासारखा. हे विणणारा कोण, ते वेगळं सांगायला नको. हात आपोआप जोडले गेले.

माणसांची मात्र गंमत. सगळी बहिरी झालेली! कानामागे हात धरून "काय? काय?" ओरडतायत. मी तिथला एकटा ऐकणारा. एक बाई नवऱ्याला सांगत होती, "तुमच्या बहिणीला आणायला नको होतं, सकाळपासून तोंड फुगवून बसली आहे." आणि नवरा मान डोलावत होता — "हो ना, फारच सुंदर!" फोटोवाला एका जाड्या गृहस्थाला मागे सरकायला सांगत होता, ते पुढे सरकत होते. मी कठड्याला टेकून खुशाल सगळ्यांचं ऐकत होतो. आज राजा होतो मी!

हिचे गुडघे दुखतात, ती काठावरच्या दगडी बाकावर बसली. मुलगी तिच्याजवळ. मेहुणा भजी शोधायला गेला. मी एकटाच पूल ओलांडून पलीकडे गेलो. समोर पाणी, डोळे मिटले आणि माझं नेहमीचं मागणं मागितलं. वर मुलीच्या नोकरीचंही घातलं.

डोळे उघडले. पलीकडच्या बाकावर दोघी दिसल्या. घळ तिथे अरुंद आहे, आमच्या खात्याच्या रुंदीएवढीच. दोघी बोलत होत्या. गोंगाटात ओठ मोठे करायची हिची सवय अजून सुटलेली नाही. मुलगीही तशीच बोलते. ती लहान असताना तिच्यापासून लपवायचं ते आम्ही ओठांनी बोलायचो, आणि ही चोरटी ताटावर बसून तेच शिकली. पाण्याचा आवाज एवढा, तेव्हा त्यांना वाटलं असणार, ऐकतंय कोण!

मुलगी म्हणत होती, "मी उद्या नाही म्हणून कळवणार आहे."

"का पण?"

"तुला माहीत आहे. बाबांना ऐकू येत नाही. मागून गाडी आली तर कळायचं नाही त्यांना. तू एकटी कुठे कुठे पुरणार?"

कठडा धरला. बघू नये असं वाटलं, पण डोळ्यांना पापण्या असून मिटेनात.

ही म्हणाली, "त्यांना बोलून दाखवू नकोस हं. त्यांना वाटतंय, आपल्याला कळलेलं नाही."

"मला तरी तू सांगितलंस म्हणून कळलं. तुला कसं कळलं?"

ही हसली. मग डोळे पुसले. "रोज सकाळी देवापुढे बसतात ना? ओठ हलतात. मी दारात चहा घेऊन उभी असते. देवा, कान न्यायचे तर ने, पण घरात कोणाला कळू देऊ नकोस. रोज तेच. अगं, मी मागावर काय उगाच दिवस काढले? देवाच्या आधी माझ्यापर्यंत पोचतं ते."

आधी राग आला. लिहितोच — चांगलाच राग आला. मग एकेक गोष्ट येऊन पुढ्यात उभी राहिली. तो दिवा. मुलीची बदललेली जागा. ही बोलायच्या आधी माझ्या हाताला हात लावते, ते मी प्रेमाचं समजत होतो. प्रेमाचंच होतं! मी घरात सगळ्यांना फसवत फिरत होतो, आणि फसवायला मला उजेड ही पुरवत होती.

तात्या आठवले. पण इथे कोणी हसत नव्हतं.

मी दोन्ही हात वर करून हलवले. दोघींनी वर पाहिलं. मग खात्यात बोलायचो तसं, ओठ मोठे करून, आवाज न काढता म्हणालो —

"तू जा. कानांचं मी बघतो."

हिने झटकन हाताने तोंड झाकलं. आता झाकून काय उपयोग! मुलगी उभी राहिली.

"बाबा! तुम्ही किती पाहिलंत?"

"सगळं."

मग ती रडायला लागली आणि रडता रडता ओठांनी भांडायला लागली. "मी जाणार नाही. आधी डॉक्टरकडे चला. मशीन घ्या कानाला. मग जाते."

"ही अट कोणाची?"

"माझी!"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

तिने हिच्याकडे पाहिलं. हिने तोंडावरचा हात काढला आणि अगदी शांतपणे, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तर उद्यापासून आम्ही दोघी तुमच्याकडे पाठ करून बोलू."

मधे एवढी नदी कोसळते आहे, दोन काठांवरून तिघं जण भांडतायत, आणि शेजारच्या माणसाला काही ऐकू जात नाही. मी हात जोडले. या खेपेला देवाला नाही.

मेहुणा भजी घेऊन आला तेव्हा सगळ्यांचे डोळे लाल. "तुषार गेले वाटतं डोळ्यांत," म्हणाला आणि एकटाच अर्धी पुडी संपवत बसला. त्याला काही सांगितलं नाही. घरातली गोष्ट घरात. शिवाय त्याला कळलं तर गावभर पावाबरोबर वाटेल.

मुलीने निघताना धबधब्याच्या वरच्या निवांत पात्रातलं पाणी बाटलीत भरून घेतलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

तिने "येते" म्हणून कळवलं. माझ्यासमोर.

सकाळी देवापुढे ओठ घट्ट मिटून बसलो. उठलो तर दारात ही, चहा घेऊन. म्हणाली, "आज काही ऐकू आलं नाही."

गुरुवार, १८ सप्टेंबर

कानाच्या डॉक्टरीणबाई. चुणचुणीत. समोर बसून विचारत होत्या, मी फटाफट उत्तरं देत होतो. मग त्यांनी सहज हातातला कागद तोंडापुढे धरला. कागद बाजूला केला तेव्हा माझ्याकडे बघून हसत होत्या. "मी काय म्हटलं, काका?"

"कागदाला विचारा," म्हटलं.

"मी म्हटलं, तुमच्यासारखा हुशार रोगी मला आवडत नाही. तुम्ही लोक फार उशिरा येता."

मशीन बसवायचं ठरलं. दोन्ही कानांना. मुलगी सगळं लिहून घेत होती, जसा काही कानही तपासायला पाठवायचा आहे.

कामावर साहेबांना मीच सांगितलं. कोणी सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. ते म्हणाले, "मुकादम, माझंही तेच आहे!" आणि खुर्ची माझ्या समोर ओढून घेतली.

रविवार, ५ ऑक्टोबर

काल मशीन कानात बसलं. काय हा पसारा! चपला बोलतात. पिशवी बोलते. नळाचं पाणी भांड्यात पडतं ते वर चढत चढत येतं — ऐकत उभा राहिलो, भांडं भरून वाहिलं तरी. ही ओरडली आणि तेही ऐकू आलं.

घड्याळ चालू आहे.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवायलाच हवी. हिचा आवाज बदलला आहे. खाली उतरलाय, थोडा खरबरीत झालाय, कुठे कुठे तुटतो. मी इतके दिवस हिच्या ओठांवर तिचा जुना, खात्यातल्या दिवसांतला आवाज बसवून ऐकत होतो. काल संध्याकाळी ती कांदा चिरत काहीबाही सांगत होती. मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसलो. ऐकत राहिलो. तिच्या लक्षात आलं, तशी गप्प झाली. "बोल की," म्हटलं.

"काय बोलू?"

"काहीही."

मग तिने मला कांद्याचं भविष्य सांगितलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

मुलगी गेली. बसस्थानकावर एवढा कल्ला की मशीन काढून खिशात टाकलं. बसच्या खिडकीची काच बंद होती. काचेमागून म्हणाली, "पोचल्यावर फोन करते. मशीन घालून घ्या." मी म्हटलं, "घालतो." तिच्या शेजारची बाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. गाडी वळेपर्यंत आम्ही बोलत होतो.

देवापुढे आज मोठ्याने बोलायचं म्हणून बसलो. मागण्यासारखं काही सुचेना. नुसतं नाव घेतलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

मुलीचा फोन. ती म्हणते, तिने पहिल्या दिवशी नळाच्या पाण्याबरोबर आपल्या धबधब्याचंही पाणी तपासलं. स्वच्छ आहे म्हणे. मला ते माहीत होतंच, पण कानाने ऐकून बरं वाटलं.

रविवार, २ नोव्हेंबर

मेहुणा पाव घेऊन आला. वरच्या ओठावर काळी कड. खुंट वर आलेत.

म्हटलं, "काय रे, धाकटीला आता टोचत नाही का?"

तो हिच्याकडे बघायला लागला. ही चहाच्या भांड्यात बघायला लागली. मग तो हळूच म्हणाला — आणि ते मला ऐकू आलं —

"तिला कधीच टोचली नव्हती, दाजी. ताई म्हणाली, यांना ओठ दिसायला हवेत."

मी त्याच्या ओठावरच्या त्या खुंटांकडे बघत राहिलो. त्याला वाटलं, ऐकू आलं नाही. खुर्ची ओढून अगदी माझ्यासमोर बसला, तोंड उजेडाकडे केलं आणि सावकाश म्हणाला,

"मशीन नीट चालतंय ना? नाहीतर उद्या परत काढतो."